बुद्धिमापनाचा इतिहास आणि मुलांची सामाजिक पार्श्वभूमी : पॅरिस ते मुंबई-कर्नाटक

प्रास्ताविक

'बुद्धिमत्ता चाचणी' हा शब्द महाराष्ट्रात आणि सीमाभागात बहुतेकांना शिष्यवृत्ती परीक्षेमुळे माहीत झालेला आहे. भाषा आणि गणित यांच्या जोडीला हा एक स्वतंत्र विषय. त्याची मार्गदर्शके बाजारात मिळतात, त्यासाठी जादा तास घेतले जातात आणि सराव केला की गुण वाढतात, हे प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. तरीही त्याच शिक्षकांच्या खोलीत 'या मुलांना मुळात डोकेच नाही' हे वाक्य सहज बोलले जाते. सरावाने वाढणारी गोष्ट उपजत कशी, आणि उपजत असेल तर तिचे मार्गदर्शक कशासाठी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचा मोठा भाग पहिल्या पिढीचा आहे. वडील गवंडी, हमाल, यंत्रमाग कामगार, फेरीवाले; आई घरी विडी वळणारी किंवा शिवणकाम करणारी. अशा विद्यार्थ्याचे गुण कमी आले म्हणजे नेमके काय कमी असते, हे ठरविण्यावर त्याला पुढे काय शिकवायचे आणि काय शिकवायचेच नाही, हे अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न केवळ मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमापुरता नाही. प्रस्तुत लेखात बुद्धिमापनाच्या सुमारे सव्वाशे वर्षांच्या इतिहासातील काही टप्पे तपासले आहेत. प्रत्येक टप्प्यावर चाचणी तयार करणाऱ्यांना एकच गोष्ट आढळली : सुस्थितीतील घरांतील मुले पुढे, गरीब घरांतील मागे. या एकाच निरीक्षणाचे अर्थ मात्र वेगवेगळे लावले गेले, आणि त्या अर्थांनी मुलांचे भवितव्य ठरविले.

बिने यांचा मूळ हेतू

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते आणि नेहमीच्या वर्गात मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळी सोय करायची होती. अशी मुले ओळखायची कशी, हा प्रश्न होता. केवळ शिक्षकाच्या शब्दावर विसंबले तर खोडकर मूलही मंदबुद्धी ठरण्याची भीती. आल्फ्रेड बिने (१८५७-१९११) आणि त्यांचे सहकारी तेओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कृतींची पहिली श्रेणी प्रसिद्ध केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत या कृती वयानुसार लावण्यात आल्या आणि 'मानसिक वय' ही कल्पना रूढ झाली.

म्हणजे ही चाचणी जन्माला आली ती मदतीची गरज असलेले मूल शोधण्यासाठी. सर्व मुलांना उतरंडीत बसविणे हा तिचा हेतू नव्हता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे असे मानणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ मध्ये कडक टीका केली. मागे पडलेल्या मुलांचे लक्ष, स्मरण आणि संयम वाढविण्यासाठी त्यांनी खेळवजा व्यायाम सुचविले. त्यांपैकी एकात मुलांनी ठरावीक वेळ पुतळ्यासारखे निश्चल राहायचे असे. वाकड्या हाडाला वळण लावावे तसे मनाला वळण लावता येते, ही त्यामागची कल्पना होती.

पुढच्याच वर्षी एक अडचण समोर आली. ओव्हिद देक्रोली आणि जुली देगाँ या बेल्जियमच्या संशोधकांनी ब्रुसेल्समधील एका खासगी शाळेत बिने यांचीच चाचणी वापरली. तेथील मुले सुखवस्तू, सुशिक्षित घरांतील होती. पॅरिसच्या मुलांवरून ठरविलेल्या मानकांच्या तुलनेत ती सरासरीने सुमारे दीड वर्ष पुढे निघाली. बिने यांची मानके पॅरिसच्या सामान्य वस्तीतील प्राथमिक शाळांवर आधारलेली होती. बिने यांनी ही बाब दडपली नाही. १९११ च्या आवृत्तीत त्यांनी तिची सविस्तर चर्चा केली. कोणत्या कृतींत फरक जास्त आणि कोणत्यांत कमी हे त्यांनी पाहिले, तेव्हा भाषेवर अवलंबून असलेल्या प्रश्नांत तो विशेष ठळक दिसला. सुस्थितीतील मूल लहानपणापासून नेमके बोलणे ऐकते, ही त्यांनी विचारात घेतलेली एक शक्यता होती. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि हे काम तेथेच थांबले.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, सामाजिक पार्श्वभूमीचा प्रश्न नंतरच्या टीकाकारांनी बाहेरून आणलेला नाही. तो चाचणीच्या निर्मात्यालाच, पहिल्या सहा वर्षांत, आकड्यांतून दिसला होता.

अमेरिकेतील वळण

चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थ पालटला. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची पद्धत सुचविली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत त्या भागाकाराला १०० ने गुणले आणि 'बुद्ध्यंक' हा आकडा प्रचारात आला. बिने यांच्या पद्धतीत मूल 'दोन वर्षे मागे' असे, म्हणजे पुढे येण्याची वाट उघडी असे. बुद्ध्यंक मात्र उंचीप्रमाणे त्या मुलाला चिकटला.

टर्मन यांनाही वर्गभेद दिसला. वरच्या सामाजिक वर्गातील मुलांचा मध्यांक सरासरी गटाच्या सुमारे सात अंक वर आणि खालच्या वर्गातील मुलांचा सुमारे सात अंक खाली, अशी नोंद त्यांनीच केली आहे. बिने यांनी याच प्रकारच्या फरकापुढे प्रश्नचिन्ह ठेवले होते. टर्मन यांनी उत्तर देऊन टाकले : हा फरक मुख्यतः उपजत क्षमतेचा आहे, चांगली बुद्धी असलेले लोक वर जातात आणि त्यांची मुले तीच बुद्धी घेऊन येतात. मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मुलांच्या कमी गुणांबाबतही त्यांनी वंशाकडे बोट दाखविले.

पहिल्या महायुद्धात १७ लाखांहून अधिक सैनिकांची चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी 'आल्फा' आणि निरक्षरांसाठी चित्रांची 'बीटा'. या आकड्यांच्या आधारे कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी असल्याचे प्रतिपादन केले. त्याच आकड्यांत जास्त वर्षे अमेरिकेत राहिलेल्या स्थलांतरितांचे गुण जास्त होते. देशाची ओळख आणि भाषेची सवय यांचा हा परिणाम असणार, हा सरळ अर्थ बाजूला ठेवण्यात आला. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरावर देशवार कडक मर्यादा घातल्या. त्या कायद्यामागे अनेक राजकीय कारणे होती. पण त्या काळच्या वातावरणाला या आकड्यांनी विज्ञानाचा मुलामा दिला. १९३० मध्ये ब्रिगम यांनी स्वतः आपले निष्कर्ष मागे घेतले. कायदा मात्र राहिला.

स्टॅनफर्ड चाचणीच्या इतिहासात आणखी एक बोधप्रद गोष्ट आहे. १९३७ ची आवृत्ती तयार करताना मुलगे आणि मुली यांच्यात मोठा फरक दाखविणारे प्रश्न गाळण्यात आले. म्हणजे मुलगा-मुलगी असा फरक पडला तर दोष प्रश्नाचा मानला गेला. श्रीमंत-गरीब असा फरक पडला तर तो मुलाचा मानला गेला. कोणता फरक प्रश्नपत्रिकेतून काढून टाकायचा आणि कोणता निसर्गाच्या नावावर ठेवायचा, हा निर्णय गणिताचा नव्हता. तो माणसांनी घेतलेला होता.

इंग्लंड : कालव्यावरील मुले आणि खेड्यातील मुले

१९२३ मध्ये ह्यू गॉर्डन या शाळा-निरीक्षकांनी इंग्लंडमधील कालव्यांवर मालवाहू होड्यांत राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. होडी सतत फिरती, त्यामुळे ही मुले शाळेच्या एकूण दिवसांपैकी जेमतेम ५ टक्के दिवस हजर असत. त्यांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७० भरला. येथेच थांबले असते तर 'मंदबुद्धी जमात' असा शिक्का बसला असता. गॉर्डन यांनी वयानुसार आकडे पाहिले. चार ते सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक ९० च्या आसपास होता आणि एकाच कुटुंबात वय वाढेल तसतसा तो उतरत जाऊन सर्वांत मोठ्या मुलांत ६० च्या जवळ आला होता. दोष उपजत असता तर धाकट्या आणि थोरल्या भावंडांत असा उतार दिसला नसता. शाळा हुकल्याचा तो परिणाम होता.

गॉर्डन यांची पाहणी आजही महत्त्वाची वाटते, कारण ती दोन्ही बाजूंच्या सोप्या उत्तरांना छेद देते. कमी गुण हे जन्मजात हीनतेचे लक्षण नाही, हे ती दाखविते. पण 'चाचणीच खोटी, मुलांत काहीच कमी नाही' असेही ती म्हणू देत नाही. शाळा आणि संधी हुकल्याने मुलांचे खरोखर नुकसान होते, आणि ते वर्षागणिक साचत जाते.

याच सुमारास चाचणीचा अगदी वेगळा उपयोग गॉडफ्री थॉमसन यांनी केला. नॉर्थम्बरलँड परगण्यातील दूरच्या खेड्यांतील अनेक शाळांतून माध्यमिक शिष्यवृत्तीसाठी एकही विद्यार्थी पुढे येत नव्हता. तेथे हुशार मुले नाहीतच असे मानण्याऐवजी थॉमसन यांनी १९२१ च्या सुमारास पाठ्यपुस्तकांवर फारशी अवलंबून नसलेली सामूहिक चाचणी तयार केली आणि शिक्षकांच्या नजरेतून सुटलेली मुले शोधून काढली. साधन एकच, पण दार बंद करण्यासाठीही वापरता येते आणि उघडण्यासाठीही, हे या उदाहरणावरून दिसते.

पुढे १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी करण्याची पद्धत तेथे रुजली. बुद्धी मुख्यतः अनुवंशाने ठरते, या सिरिल बर्ट यांच्या मताचा त्या काळच्या शैक्षणिक विचारावर मोठा प्रभाव होता. १९७१ मध्ये बर्ट यांच्या मृत्यूनंतर लिऑन कामिन यांनी १९७४ मध्ये त्यांच्या जुळ्या भावंडांवरील आकड्यांतील संशयास्पद जुळणी दाखवून दिली, आणि १९७९ मध्ये त्यांचे चरित्रकार लेस्ली हर्नशॉ यांनीही आकडे रचलेले असल्याचा निष्कर्ष काढला. त्यावर पुढेही वाद झाले; परंतु त्या आकड्यांवर कोणी विसंबून राहिले नाही.

भारतात आलेली चाचणी : लाहोर आणि मुंबई-कर्नाटक

भारतातील पहिला महत्त्वाचा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजचे सी. हर्बर्ट राइस यांचा. १९२२ च्या सुमारास त्यांनी बिने यांच्या पद्धतीवर 'हिंदुस्थानी' चाचणी तयार केली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९२९ मध्ये आला. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच पंजाबातील काही जातिगटांच्या बुद्धीची तुलना असा उल्लेख आहे. भारतीय भाषेत चाचणी उभी राहते न राहते तोच तिला जातींची तुलना करायला लावले गेले, ही गोष्ट त्या काळच्या मानसिकतेची निदर्शक आहे.

आपल्या भागाशी थेट संबंध असलेले काम व्ही. व्ही. कामत यांचे आहे. मुंबई इलाख्यातील कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी त्यांनी बिने श्रेणीची सुधारित आवृत्ती तयार केली. तिचा अहवाल १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ आला. ही आवृत्ती 'मुंबई-कर्नाटक' आवृत्ती म्हणून ओळखली जाते. बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे त्या काळी मुंबई इलाख्याच्या कर्नाटक विभागात मोडत.

अशा कामातील अडचण नुसत्या भाषांतराची नसते. बिने यांच्या मूळ श्रेणीत नाणी ओळखणे, सुटे पैसे परत करणे, शब्दांचे अर्थ सांगणे अशा कृती होत्या. फ्रान्समधील नाण्यांच्या जागी आणे-पै आणावे लागतात. एखादा शब्द मराठीत सहा वर्षांच्या मुलाला कळतो, पण त्याचा कन्नड प्रतिशब्द आठ वर्षांच्या मुलालाच कळतो, असे झाले की तो प्रश्न दोन्ही भाषांत एकाच वयाखाली ठेवता येत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्न स्थानिक मुलांवर पुन्हा तपासून त्याचे वय नव्याने ठरवावे लागते. परदेशी चाचणी जशीच्या तशी लावू नये, हे तत्त्व कामतांच्या कामाने आपल्याकडे रुजविले. सीमाभागात दोन भाषांसाठी एकत्र विचार करणे हेही त्या काळाच्या मानाने पुढचे पाऊल होते.

तरीही या नकाशात एक मूल दिसत नाही. बेळगाव, हुबळी, विजापूर येथील मुस्लिम मोहल्ल्यांतील मूल घरी दखनी बोलते. त्याच्या 'नक्को'मध्ये मराठीचा 'नको' आहे, पण बाकीचे वाक्य मराठी नाही. लाहोरच्या उर्दूपासून त्याची बोली दूर, आणि मराठी-कन्नड चाचणीतील शब्द त्याच्यासाठी गल्लीत ऐकलेले, घरात न बोललेले. उर्दू शाळेत गेले तर पुस्तकातील उर्दू त्याला शुद्धतेच्या नावाखाली टोकते. मराठी शाळेत गेले तर मराठी टोकते. भाषेवर आधारलेल्या प्रश्नांतच वर्गभेद सर्वाधिक दिसतो, हे बिने यांचे निरीक्षण येथे लावून पाहिले तर अशा मुलाचे कमी गुण कितपत बुद्धीचे आणि कितपत भाषेच्या अंतराचे, हे वेगळे काढणे किती आवश्यक आहे ते कळते. वस्तुतः हे मूल दोन-तीन भाषांत व्यवहार करते. तिची मोजदाद करणारा रकाना मात्र कोणत्याच चाचणीत नव्हता.

निरक्षर मुलाची मोजणी : भाटिया यांचा प्रयोग

भाषेचा अडथळा टाळण्यासाठी कृतिचाचण्यांचा मार्ग पुढे आला. अलाहाबादच्या मानसशास्त्र केंद्राशी संबंधित सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये भारतीय परिस्थितीसाठी कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. ठोकळ्यांची रचना, पेटीतील तुकडे सरकवून आकृती जमविणे, हात न उचलता नमुना काढणे, ऐकलेले लगेच आठवून सांगणे आणि चित्राचे तुकडे जुळविणे असे त्याचे पाच भाग. संच उत्तर प्रदेशातील ११ ते १६ वर्षांच्या मुलग्यांवर प्रमाणित करण्यात आला, आणि त्यांत साक्षर व निरक्षर असे दोन्ही गट होते. स्मरणाच्या भागात निरक्षरांसाठी आकड्यांऐवजी ध्वनी वापरण्याची सोय होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलालाही मोजताना न्याय मिळावा, ही यामागील दृष्टी कौतुकास्पद होती.

परंतु एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अक्षर न वापरणाऱ्या या चाचणीतही साक्षर आणि निरक्षर मुलांसाठी स्वतंत्र मानके ठेवावी लागली. ज्या मुलाने कधी कागदावर पेन्सिल चालविली नाही त्याला नमुना काढणे हेच नवे काम. रंगीत ठोकळ्यांवरून कागदावरची आकृती ओळखणे ही सवयही शाळेतच लागते. शाळा फक्त अक्षरे शिकवीत नाही. ती पाहण्याची, वेळेत काम करण्याची आणि अनोळखी माणसाच्या निरर्थक वाटणाऱ्या प्रश्नाला गंभीरपणे उत्तर देण्याची रीत शिकविते. ती रीत नसेल तर चित्रांची चाचणीही परकीच.

अमेरिकेतही हाच अनुभव आला. शिकागो विद्यापीठातील ॲलिसन डेव्हिस, केनेथ ईल्स आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये एकेका प्रश्नाची वर्गवार छाननी केली. वाद्यवृंदाची रचना आणि तिचा रचनाकार यांच्या नात्यावरून पुस्तक आणि लेखक हे नाते ओळखण्याच्या प्रश्नाचे बरोबर उत्तर वरच्या वर्गातील ८१ टक्के मुलांनी आणि खालच्या वर्गातील ५१ टक्के मुलांनी दिले. ज्याने वाद्यवृंदाचे नावच ऐकले नाही त्याचा तर्क येथे तपासलाच जात नाही. यावरून त्यांनी रोजच्या जीवनातील प्रसंगचित्रांवर आधारित नवी चाचणी केली. तिनेही वर्गभेद नाहीसा झाला नाही. 'संस्कृतिमुक्त' चाचणीचे स्वप्न तेव्हापासून बरेच ओसरले.

उझबेकिस्तानातील मोहीम

मुलांपलीकडे जाणारे, तरी या विषयाला अत्यंत जवळचे उदाहरण सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांचे आहे. १९३१ आणि १९३२ च्या उन्हाळ्यात त्यांनी उझबेकिस्तान व किरगिझियातील मुस्लिम खेड्यांत पाहणी केली. घराच्या अंतर्भागातच वावरणाऱ्या निरक्षर स्त्रिया, दूरच्या वाड्यांतील शेतकरी, सामूहिक शेतीत काम करणारे आणि नव्याने शिक्षिका होऊ घातलेल्या तरुणी असे गट होते. निरक्षरांनी वर्तुळाला 'वर्तुळ' न म्हणता ताटली, चाळण किंवा चंद्र म्हटले आणि त्रिकोणाला ताईत म्हटले. हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतील वेगळी वस्तू काढायला सांगितल्यावर अनेकांनी नकार दिला : ओंडक्याशिवाय करवत काय कामाची? दूरच्या उत्तरेकडील अस्वलांच्या रंगाबद्दल तर्कवाक्य मांडल्यावर, न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलणे बरे नव्हे, असा त्यांचा रोख होता. जेमतेम काही महिने शिकलेल्यांनी मात्र हीच कोडी सोडविली.

या उत्तरांत अडाणीपणा नाही. करवतीला ओंडका लागतो, हे खरेच आहे. साक्ष पाहिल्याशिवाय देऊ नये, ही तर सभ्य माणसाची रीत. फरक विचारशक्तीचा नसून विचार कोणत्या रीतीने मांडायचा याच्या सवयीचा होता, आणि ती सवय थोड्या शिक्षणाने बदलत होती. विशेष म्हणजे लुरिया यांच्यावर मायदेशी अल्पसंख्य जनसमूहांना कमी लेखल्याचा आरोप झाला आणि हे काम सुमारे चाळीस वर्षे, १९७४ पर्यंत, ग्रंथरूपाने येऊ शकले नाही. १९३६ मध्ये तर सोव्हिएत सरकारने शाळांतील बुद्धिचाचण्यांवरच बंदी घातली. प्रश्न विचारणेच बंद केले की मागे पडलेल्या मुलाला मदत मिळते असे नाही, हाही या इतिहासाचा एक धडा आहे.

अलीकडचे पुरावे

१९६९ मध्ये आर्थर जेन्सन यांनी गरीब मुलांसाठीच्या पूरक शिक्षणाने बुद्ध्यंक फारसा वाढत नाही, असे मांडून वाद पेटविला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत जमा झालेला पुरावा चार मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला, पिढ्यांमधील वाढ. जेम्स फ्लिन यांनी १९८४ व १९८७ मध्ये दाखविले की अनेक देशांत चाचणीचे गुण पिढीगणिक वाढत गेले आहेत. नेदरलँड्समधील अठरा वर्षांच्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० अंकांनी वाढले. तीस वर्षांत अनुवंश बदलत नाही. शाळा, आहार, कुटुंबाचा आकार आणि जगण्याची रीत बदलते.

दुसरा, घर बदलण्याचा परिणाम. फ्रान्समधील क्रिस्तियान काप्रों आणि मिशेल दुईम यांच्या १९८९ च्या अभ्यासात सुस्थितीतील कुटुंबांनी दत्तक घेतलेली मुले गरीब कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या मुलांपेक्षा सुमारे १२ अंक पुढे आढळली. जन्मदात्यांच्या पार्श्वभूमीचाही परिणाम त्यात दिसला, हेही सांगितले पाहिजे. एरिक टर्कहायमर यांनी २००३ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून मांडले की अमेरिकेतील गरीब घरांत मुलामुलांतील फरक मुख्यतः घरच्या परिस्थितीने ठरतो आणि सुखवस्तू घरांत अनुवंशाने. युरोपात मात्र असा फरक नेहमी दिसलेला नाही.

तिसरा, बाजारातील हिशेब आणि वर्गातील हिशेब. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील संशोधकांनी १९८५ मध्ये रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले. तीच उदाहरणे कागदावर दिल्यावर जेमतेम ३७ टक्के. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांतील मुलांवरील असाच अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. बाजारात अवघड हिशेब तोंडी करणारी मुले शाळेतील साध्या उदाहरणांत अडखळली. आणि शाळेतील हुशार मुले बाजारातील हिशेबात अडखळली. दोन्हीकडे बुद्धी होती, दोघांमधला पूल शाळेने बांधलेला नव्हता.

चौथा मुद्दा शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना भूलभुलैयाची कोडी दिली. निम्मे सवर्ण, निम्मे दलित. जात जाहीर न करता कोडी दिली तेव्हा दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. नंतर दुसऱ्या काही गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील व आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविण्यात आली. दलित मुलांची कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. बदलले ते फक्त हजेरी घेण्याचे स्वरूप. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांत आपल्या प्रत्येक वर्गासाठी इशारा आहे.

समारोप

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. चाचणीचे गुण मुलाच्या आजच्या स्थितीबद्दल बरेचदा खरे सांगतात. त्या स्थितीच्या कारणाबद्दल ते काहीच सांगत नाहीत. कारण आपण आपल्या समजुतीतून जोडतो. बिने यांनी दीड वर्षाच्या फरकात भाषा आणि घर शोधले, टर्मन यांना तशाच फरकात उपजत दर्जा दिसला. म्हणून गुणपत्रिका हातात आल्यावर 'याला काय येत नाही' यापाठोपाठ 'याला काय मिळाले नाही' हा प्रश्न विचारणे ही भावनिक सवलत नसून शास्त्रीय आवश्यकता आहे. त्याच वेळी पार्श्वभूमीची सहानुभूती दाखवून अपेक्षाच कमी करणे हाही अन्याय ठरेल. कालव्यावरील मुलांना सहानुभूती नको होती, शाळेचे दिवस हवे होते.

अमेरिकेतील पेरी बालवाडी प्रकल्पाचा (१९६२-६७) अनुभव येथे आठवावा. १२३ गरीब मुलांपैकी ज्यांना चांगली बालवाडी मिळाली त्यांचा बुद्ध्यंक आधी वाढला आणि काही वर्षांत इतरांच्या बरोबरीला आला. जेन्सन यांच्यासारख्यांनी याला अपयश म्हटले असते. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर त्याच मुलांत शालेय शिक्षण पुरे करणारे आणि बरी कमाई करणारे जास्त निघाले. आकडा मागे सरकला तरी शिक्षण वाया गेले नव्हते.

आपल्यासारख्या संस्थांना लगेच करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती किंवा फी-सवलत मिळालेल्या विद्यार्थ्यांची यादी प्रवर्गासह वर्गात मोठ्याने वाचणे बंद करावे. विशेषतः परीक्षेच्या दिवशी. प्रवेशाच्या वेळी घरची बोली कोणती याची नोंद घ्यावी आणि पहिल्या सत्रातील मूल्यमापन करताना ती समोर ठेवावी. लहान मुलांच्या शाळाप्रवेशासाठी बालकाची वा पालकांची चाळणी घेण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई केली आहे. त्यामागचा विचार महाविद्यालयातील शिक्षकांनीही समजून घ्यावा.

संशोधनाच्या दृष्टीनेही येथे मोठे क्षेत्र मोकळे आहे. आपल्या जुन्या उर्दू आणि मराठी शाळांच्या जनरल रजिस्टरांत अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा, पालकांचे व्यवसाय, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण यांच्या नोंदी आहेत. गॉर्डन यांनी थोरल्या आणि धाकट्या भावंडांची तुलना करून जे शोधले, ते सीमाभागातील एखाद्या गावाच्या रजिस्टरांवरून आजही तपासता येईल : कोणत्या व्यवसायाच्या घरातील मुले कोणत्या इयत्तेत गळाली, मुली कधी थांबल्या, शाळा जवळ आल्यावर काय बदलले. हे काम करणारा प्राध्यापक मिळेपर्यंत ही रजिस्टरे वाळवीपासून वाचली पाहिजेत. निदान त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवणे एका सुट्टीत होण्यासारखे आहे.